माणूस मोजण्याची पट्टी
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



नाट्य-संगीताच्या या पंक्तीत मानसशास्त्राचे पान मांडणे थोडे धाडसाचेच आहे. परंतु आपल्यापैकी बहुतेक कुटुंबे नोकरीच्या निमित्ताने महाराष्ट्र सोडून येथे आली, आणि आता आपली मुले-मुली नोकरीच्या दारात उभी राहतात तेव्हा पुष्कळदा 'व्यक्तिमत्त्व चाचणी' नावाचा कागद त्यांच्यापुढे ठेवला जातो. तो कागद कोणत्या पट्टीने माणूस मोजतो, एवढेच मला सांगावयाचे आहे.

अशा चाचण्यांत विशेष गाजलेली म्हणजे अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाची प्रश्नावली. मानसशास्त्रज्ञ स्टार्क हॅथवे व मज्जा-मनोविकारतज्ज्ञ जे. सी. मॅकिन्ली यांची ही प्रश्नावली 1943 साली प्रसिद्ध झाली. तीत साडेपाचशे विधाने. प्रत्येकापुढे 'खरे' वा 'खोटे' अशी खूण करावयाची. येथे उत्तर बरोबर की चूक हा प्रश्नच नसतो. ते 'सामान्य' माणसांच्या उत्तरांपासून किती दूर पडते, हे पाहावयाचे. मग सामान्य कोण? तर विद्यापीठाच्या रुग्णालयात आजाऱ्यांना भेटावयास आलेले सुमारे 724 आप्तेष्ट! बहुतेक सारे गोरे, विवाहित, पस्तिशीच्या आसपासचे, सरासरीने आठवीपर्यंत शिकलेले. माणसे सज्जन असतील, त्याबद्दल वाद नाही. पण 1989 साली सुधारित आवृत्ती निघेपर्यंत इतरांचे सामान्यत्व या मंडळींच्या शेजारी उभे करूनच ठरत होते.

याचा जाच कृष्णवर्णीयांना झाला. संशय, परकेपणा, अविश्वास दर्शविणाऱ्या श्रेणींवर त्यांचे गुण गोऱ्यांपेक्षा जास्त येत, आणि ते विकाराचे लक्षण मानले जाई. माल्कम गिंथर यांनी 1972 साली या प्रकारावर बोट ठेवले. ज्या समाजाला पोलीस आणि मालक यांचे पिढ्यानपिढ्या कटू अनुभव आले, त्याने लोकांवर सहसा विश्वास टाकू नये असे म्हटले, तर तो आजार की शहाणपण? वय, शिक्षण व आर्थिक स्थिती सारखी असलेले गट तोलले की हा फरक पुष्कळ कमी होतो, असेही पुढील अभ्यासांत दिसून आले. म्हणजे जे वंशाच्या खाती मांडले जात होते, त्यातले बरेचसे परिस्थितीच्या खाती जमा होते.

स्त्री-पुरुषांची कथा अधिकच चमत्कारिक. याच प्रश्नावलीत पुरुषत्व-स्त्रीत्व मोजणारी एक श्रेणी होती. समलिंगी पुरुष ओळखावेत या हेतूने, अवघ्या 13 जणांच्या उत्तरांचा आधार घेऊन, ती रचली गेली. आणि स्त्रियांसाठी तीच उलटी लावली. कविता आवडणे, स्वयंपाक आवडणे, रोजनिशी लिहिणे ही तीत स्त्रीत्वाची चिन्हे. दिवाळी अंकांना कविता पाठविणाऱ्या येथील गृहस्थांनी सावध असावे!

परीक्षकाच्या मनातही पट्टी असते. 1970 साली इंगे ब्रोव्हरमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी 79 मनोचिकित्सकांना विचारले: निरोगी पुरुष कसा, निरोगी स्त्री कशी, आणि निरोगी प्रौढ व्यक्ती कशी? प्रौढ व्यक्तीचे वर्णन पुरुषाशी जुळले. निरोगी स्त्री मात्र अधिक नमते घेणारी, कमी स्वतंत्र, क्षुल्लक प्रसंगी गडबडून जाणारी ठरली. उत्तरे देणाऱ्यांत स्त्री-चिकित्सकही होत्या. आमच्या लेकींनी करावे तरी काय? स्वतंत्र वागल्या तर स्त्री म्हणून उण्या, नमत्या राहिल्या तर प्रौढ म्हणून उण्या!

1989 च्या आवृत्तीत 2600 जणांचा, निरनिराळ्या वंशांचा नवा प्रमाणगट घेतला. नोकरीच्या चाचण्यांत वंश वा लिंग पाहून गुण फिरविण्यास 1991 च्या अमेरिकन कायद्याने मनाई केली. पट्टी सुधारत आहे, हे मान्य केले पाहिजे.

तथापि भाषांतर केले म्हणजे पट्टी आपली झाली असे नव्हे. भूतपिशाच्च अंगात शिरते अशा आशयाचे एक विधान या प्रश्नावलीत आहे. ज्या घरात आत्याबाईंच्या अंगात देवी येई, त्या घरातील मुलीने त्याला होकार दिला, तर मिनेसोटाचा कागद तिच्याविषयी काय सांगणार? 2020 च्या आवृत्तीसाठी अमेरिकेतील स्पॅनिश भाषकांचा प्रमाणगट स्वतंत्र घेतला गेला, तो उगीच नव्हे.

आपल्या मुलांपुढे असा कागद आला, तर प्रमाणगट कोणत्या देशातला, कोणत्या भाषेतला, कोणत्या सालचा, हे त्यांनी अवश्य विचारावे. चांगल्या चाचणीच्या माहितीपुस्तिकेत ते छापलेले असते.