उतारवय आणि भाड्याचे घर



आजच्या व्याख्यानाचा विषय वाचून काही श्रोत्यांना आश्चर्य वाटले असेल. ज्या व्यासपीठावरून ज्ञानेश्वरीपासून अणुशक्तीपर्यंत सर्व विषयांचा ऊहापोह होतो, तेथे भाड्याच्या घराची गोष्ट कशाला, असेही कोणाच्या मनात आले असेल. परंतु न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानांचा उपक्रम सुरू केला, त्यामागे नागरिकांनी एकत्र बसून आपल्या प्रश्नांचा विचार करावा हाच हेतू होता. समोर बसलेल्या मंडळींतील पांढऱ्या केसांची संख्या पाहता, हा प्रश्न आपला नाही असे म्हणण्याची सोय आम्हांला तरी दिसत नाही.

पूर्वी सातारा-सांगलीकडील माणूस ज्या घरात म्हातारा होई ते घर बहुधा त्याचे स्वतःचे असे. माळवदाचे असो वा कौलारू, त्याचा प्रत्येक उंबरठा पायाला पाठ असे. आता वाडे वाटण्यांत गेले, काही पुनर्बांधणीसाठी उतरवले गेले. मुले पुण्या-मुंबईस गेली, काही त्याहूनही दूर गेली. कृष्णाकाठी तर महापुरांनी अनेक कुटुंबांना घर बदलावयास लावले. त्यामुळे सत्तरी उलटल्यावर आयुष्यात प्रथमच भाड्याचे घर शोधण्याची पाळी पुष्कळांवर येते. तरुणपणी चुकीचे घर निवडले तर माणूस वर्षभर कुरकुरतो आणि दुसरे पाहतो. उतारवयात तीच चूक हाडावर बेतते.

येथे आमच्याच घरातील एक हकीकत सांगतो. आमची आत्या सांगलीच्या गावभागात राहत असे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेले. तेथे ४५ फुटांना धोक्याची पातळी मानतात, एवढ्यावरून त्या पाण्याची कल्पना यावी. आत्याला नावेतून बाहेर काढावे लागले. त्याच दिवसांत पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे बचावासाठी निघालेली नाव उलटून अनेकांचे प्राण गेले होते. म्हणून आत्या सुखरूप हाती लागली याचाच आम्हांला इतका आनंद झाला की, आम्ही तिला तडक साताऱ्यास आणले आणि तिच्यासाठी भाड्याची जागा घेतली. दुसरा मजला, भरपूर वारा, आणि खिडकीत उभे राहिले की समोर अजिंक्यतारा. अशी जागा मिळाल्याचा आम्हांला मोठा अभिमान वाटला. जागा पाहण्यास आम्ही गेलो होतो, आमचे चिरंजीव गेले होते. आत्याला मात्र आम्ही नेले नव्हते. तिला उगाच दगदग नको, असा आमचा विचार.

त्या इमारतीस लिफ्ट नव्हती. अडतीस पायऱ्या होत्या, आणि कठडा एकाच बाजूस होता. पुढील वर्षभरात आत्या खाली उतरली ती केवळ दवाखान्यासाठी. एके दिवशी न्हाणीघराच्या गुळगुळीत फरशीवर तिचा पाय घसरला आणि मनगट मोडले. प्लास्टर घातल्यावर ती एवढेच म्हणाली, "घर चांगलंय रे. पण इथून खाली जायचं तर कोणाला तरी विचारावं लागतं. पुरात तरी नाव आली होती." त्या दिवशी आम्हांला आमची चूक समजली. आम्ही आमच्या डोळ्यांनी घर पाहिले होते. ते तिच्या गुडघ्यांनी पाहावयास हवे होते.

तेव्हापासून आम्ही पुष्कळ घरे पाहिली. त्यातून जे हाती लागले ते क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट जमिनीची. सातारा हे अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी उतारावर वसलेले गाव. किल्ल्याच्या बाजूच्या पेठांतून बाजारात उतरणे सोपे, पण भाजीची पिशवी घेऊन परत चढणे कठीण. त्यामानाने सदर बझारकडील भाग पुष्कळ सपाट. म्हणून साताऱ्यात घर पाहताना घराच्या आतील खोल्या मोजण्याआधी दारापासून किराणा दुकान, औषधांचे दुकान आणि रिक्षाचा थांबा येथपर्यंत स्वतः चालत जावे आणि चालतच परत यावे. हे सकाळी एकदा करावे आणि दिवेलागणीनंतर पुन्हा एकदा करावे. दिवसा न दिसणारा खड्डा आणि दिवा नसलेला कोपरा रात्रीच कळतो.

सांगलीत चढाचा त्रास नाही, तेथे पाण्याची भीती आहे, आणि तेथे प्रश्न अधिक अवघड होतो. गुडघ्यांच्या दृष्टीने तळमजला उत्तम. पण २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही सालांच्या पुरांनी नदीकाठच्या वस्त्यांतील तळमजले बुडवले. बरे, वरचा मजला घ्यावा, तर पुरात वीज तोडली जाते आणि लिफ्ट बंद पडते. घर कोरडे राहते, पण आतील म्हातारी माणसे अडकून पडतात. यावर आमचे उत्तर असे की, मजला ठरवण्याआधी वस्ती ठरवावी. २०१९ चे पाणी कोठवर आले होते हे शेजाऱ्यांस, कोपऱ्यावरच्या वाण्यास, शक्य तर तीन निरनिराळ्या माणसांस विचारावे. भिंतीवरचा नवा रंग ही खूण पुसतो, माणसांच्या आठवणीतून ती पुसली जात नाही. पाणी न पोहोचलेल्या वस्तीत तळमजला किंवा पहिला मजला मिळाला तर भाडे थोडे अधिक देऊनही घ्यावा. सांगली-मिरज पट्ट्याचा एक फायदा असा की वैद्यकीय सोय जवळ आहे. डॉक्टर वॉनलेस यांनी मिरजेस रुग्णालय उभारले ते १८९४ साली, आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही तेथे १९६२ पासून आहे. पण "जवळ" हा शब्द नकाशावर मोजू नये. रात्री दोन वाजता तेथवर कोण नेईल, या प्रश्नाने तो मोजावा.

दुसरी गोष्ट जिन्याची आणि दारांची. राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे निवासी इमारतीत पायरीची उंची १९० मिलिमीटरांहून, म्हणजे साधारण साडेसात इंचांहून अधिक असू नये, आणि पायरीची रुंदी २५० मिलिमीटरांहून कमी असू नये. ही कमाल आणि किमान मर्यादा झाली. वृद्धांस सहा इंचांची पायरी आणि फूटभर रुंद पाऊलठाव अधिक मानवतो. खिशात एक टेप ठेवावा आणि मोजावे, त्यात संकोच कसला? दारे शक्यतो तीन फूट रुंद असावीत. आज चाकाची खुर्ची लागत नसेल, पण एखाद्या शस्त्रक्रियेनंतर दोन महिने लागू शकेल. उतरंड असेल तर एक फूट उंचीस बारा फूट लांबी हे प्रमाण धरावे. याहून उभी उतरंड चाकाच्या खुर्चीस धोक्याची. लिफ्ट असेल तर तीत खुर्ची मावते का, आणि वीज गेल्यावर ती जनित्रावर चालते का, हे विचारावे. "चालते" असे उत्तर मिळाले तर चालवून दाखवा म्हणावे.

तिसरी गोष्ट न्हाणीघराची. घर पाहावयास गेलेले लोक दिवाणखान्यात अर्धा तास बसतात आणि न्हाणीघरात दारातूनच डोकावतात. वास्तविक उलटे करावे. फरशीवर तांब्याभर पाणी ओतावे आणि ते कोठे जाते, किती वेळ साचते ते पाहावे. कमोड आहे का, त्याच्या बाजूच्या भिंतीस धरावयाचा दांडा बसेल का, दार बाहेर उघडते की आत, हे पाहावे. दार आत उघडत असेल आणि माणूस दारापाशीच पडला, तर बाहेरच्यास ते उघडता येत नाही. शयनगृहापासून न्हाणीघरापर्यंतच्या वाटेवर उंबरठा नसावा आणि रात्री छोटा दिवा राहावा.

आता कराराविषयी. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९, हा ३१ मार्च २००० पासून अमलात आहे. त्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची. आपल्याकडे बहुतेक घरे "लीव्ह अँड लायसन्स" पद्धतीने दिली जातात. यात राहणारा भाडेकरू होत नाही, मुदतीपुरता परवानाधारक असतो. मुदत संपूनही जागा सोडली नाही तर दुप्पट रक्कम भरावी लागू शकते. मुदत अकराच महिन्यांची हवी असे मात्र कायदा कोठेही सांगत नाही. तो केवळ प्रघात आहे. तिशीतल्या माणसाला अकरा महिन्यांनी सामान हलवणे म्हणजे एक रविवार घालवणे. पंचाहत्तरीतल्या माणसाला ते म्हणजे दूधवाला, डॉक्टर, शेजारीण आणि देऊळ एकदम गमावणे. म्हणून तीन वर्षांचा करार मागावा. दांडे बसवण्याची परवानगी आणि आजारपणामुळे मध्येच जागा सोडावी लागल्यास अनामत परत मिळण्याची अट करारातच लिहून घ्यावी. नोंदणीची सोय आता घरबसल्याही होते. बोटांचे ठसे झिजलेल्या वृद्धांचा ठसा कधी कधी यंत्र ओळखत नाही, तेव्हा चिडू नये, पुन्हा प्रयत्न करावा.

आपली मुले परदेशी असतील आणि आपल्यासाठी तिकडे घर पाहत असतील, तर त्यांनाही काही गोष्टी कळवाव्यात. अमेरिकेत "पहिला मजला" म्हणजे आपला तळमजला, इंग्लंड-जर्मनीत मात्र तो आपल्यासारखाच एक जिना वर. फोनवरील बोलण्यात या एका शब्दाने घोटाळा होतो. तिकडील स्नानाच्या टबाची कड ओलांडणे आपल्या गुडघ्यांस जड जाते, तेव्हा सपाट शॉवर आहे का ते विचारावे. युरोपातील कित्येक जुन्या इमारतींत लिफ्ट नसते. जर्मनीत तर भाड्याच्या घरात ओटा-कपाटेसुद्धा पुष्कळदा भाडेकरूस स्वतः आणावी लागतात. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, मोटार न चालवता पायी वा बसने कोठे जाता येते हे पाहावे. नाहीतर मुलगा कामावर गेला की त्या सुंदर घराची आमच्या आत्याच्या दुसऱ्या मजल्यासारखी गत होते.

इतर देशांनी या प्रश्नाचा विचार कसा केला, हे पाहणे बोधप्रद आहे. जर्मनीतील ऑग्सबर्ग शहरी याकोब फुगर या सावकाराने १५२१ साली गरजू लोकांसाठी फुगेराय नावाची वसाहत स्थापली. ती आजही चालू आहे आणि तिचे वर्षाचे मूळ भाडे एका युरोहूनही कमी आहे. तेथील दारांवरच्या घंटांच्या मुठी निरनिराळ्या आकारांच्या आहेत. रस्त्यावर दिवे नव्हते त्या काळी अंधारात हात लावून माणसाला आपले दार ओळखता यावे, एवढा बारीक विचार पाचशे वर्षांपूर्वी कोणी केला होता. सिंगापुरात सरकारी इमारतींच्या लिफ्ट पूर्वी काही ठराविक मजल्यांवरच थांबत. २००१ पासून त्या प्रत्येक मजल्यावर थांबाव्यात म्हणून मोहीम काढली गेली, आणि २०१२ पासून वृद्धांच्या घरांत दांडे व न घसरणारी फरशी बसवण्यास सरकार साहाय्य करते. जपानात घरमालक वृद्धांस जागा देण्यास कचरतात. तेथे २००१ च्या कायद्याने मरेपर्यंत राहता येईल अशा भाडेकराराची तरतूद केली.

जपानी घरमालकांचा उल्लेख आला म्हणून शेवटी एक शब्द येथील घरमालकांस. या सभेत तेही बसलेले आहेत. "म्हातारी माणसे नकोत, उद्या काही झाले तर?" हे वाक्य आम्ही जागा शोधताना अनेकदा ऐकले. भीती समजू शकते. पण वृद्ध भाडेकरू भाडे वेळेवर देतो, गोंगाट करीत नाही, जागा निगुतीने ठेवतो. न्हाणीघरात दोन दांडे, जिन्याला दुसरा कठडा आणि दारात एक दिवा यांचा खर्च घराच्या रंगापेक्षा पुष्कळ कमी येतो. आणि आज जो घरमालक आहे त्याचेही वय थांबलेले नाही.

आत्याची हकीकत अर्धवट राहिली. मनगट बरे झाल्यावर आम्ही तिच्यासाठी सदर बझारात तळमजल्यावरची दोन खोल्यांची जागा घेतली. या वेळी तीच पाहावयास आली. खोल्या लहान, आणि खिडकीतून अजिंक्यतारा दिसत नाही, समोरची भिंत दिसते. आम्ही नाक मुरडले. तिने दारासमोरचा कट्टा पाहिला, त्यावर बसून पाहिले, न्हाणीघरात जाऊन आली आणि म्हणाली, "हीच घ्या." आता ती सकाळी कट्ट्यावर बसते, भाजीवालीशी घासाघीस करते आणि कोणालाही न विचारता कोपऱ्यापर्यंत जाऊन येते. आमच्याकडे मात्र अलीकडे तिचे येणे कमी झाले आहे. वेळ नसतो, असे सांगते.

तेव्हा घर कोणासाठी पाहावयाचे आहे, त्याला बरोबर न्यावे, एवढीच आमची विनंती.