पाला अडवा, पाला जिरवा

मी विश्रांतवाडीतल्या बचत गटांची समन्वयक. आज आपण अंगणातल्या पाल्याबद्दल बोलणार आहोत. रोज सकाळी झाडून कोपऱ्यात लोटतो आणि ढीग झाला की ज्याला काडी लावतो, तोच हा पाला.

माघ सरत आला की आळंदी रस्ता घ्या, टिंगरेनगर घ्या, धानोरी, कळस घ्या, सगळीकडे पानगळ सुरू होते. कडुनिंब, पिंपळ, करंज, बदाम. सकाळी अंगण झाडलं की दुपारी पुन्हा तेवढाच पाला पडलेला. कंटाळा येणारच. मग कुणीतरी म्हणतं, “द्या पेटवून.”

आमच्या बैठकीत एक काकू म्हणाल्या, “अहो, पाल्याचाच धूर तो. त्यानं काय होतंय? डास तरी पळतात.” डासांचं सोडा काकू, आधी आपल्या छातीचं बघा. गार सकाळी धूर वर चढत नाही, जमिनीलगतच राहतो. पाल्याला दवाची ओल असते, त्यामुळे तो भडकन जळत नाही, तासन् तास धुमसतो. त्यातले बारीक कण थेट फुप्फुसात उतरतात. ज्या घरात दम्याचं माणूस आहे, तान्हं बाळ आहे, तिथं विचारा. शिवाय ढिगात नुसता पाला कुठे असतो? वेफरची पाकिटं, गुटख्याच्या पुड्या, पिशव्या, सगळंच जळतं. आणि या धुराच्या सगळ्यात जवळ कोण उभं असतं? हातात झाडू असलेली बाई. आपल्यातल्या कितीतरी जणी बंगल्यांत आणि सोसायट्यांत झाडलोटीचं काम करतात. पाला दुसऱ्याच्या झाडाचा, धूर मात्र आपल्या छातीत.

कायद्यानंही हे चालत नाही. 2016 च्या घनकचरा नियमांत कचरा जाळायला मनाई केली आणि बागेचा कचरा वेगळा ठेवायला सांगितलं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये राष्ट्रीय हरित लवादानं उघड्यावर कचरा जाळणाऱ्याला 5,000 रुपये दंड ठरवला.

मग कचऱ्याच्या गाडीत द्यायचा का? पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या डेपोत गेला. तिथल्या गावकऱ्यांनी वास सोसला, माश्या सोसल्या, विहिरींचं पाणी खराब झालेलं पाहिलं, आंदोलनं केली. आपलं अंगण स्वच्छ करायला दुसऱ्याचं गाव कशाला घाण करायचं? आणि घरोघरी कचरा घेणाऱ्या ‘स्वच्छ’ संस्थेच्या आपल्या कचरावेचक बहिणी हातानं कचरा निवडतात, त्यांचाही विचार करा. कागद, बाटल्यांत पाला आणि खरकटं मिसळलं की त्यांची मेहनत वाढते आणि मालाला भाव येत नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. नुसत्या वाळक्या पाल्याचा ढीग ठेवला तर तो वर्षभर तसाच दिसतो. नुसता ओला कचरा डब्यात साठवला तर दोन दिवसांत वास मारतो. पण दोघांना एकत्र केलं की पाल्याला ओल मिळते, ओल्या कचऱ्याला हवा मिळते, आणि दोन्ही कुजून खत होतं. एकाची उणीव दुसरा भरून काढतो. घरच्या खताचं सगळं गुपित एवढंच आहे.

कसं करायचं ते सांगते. जुना ड्रम, तळ गेलेलं पिंप किंवा कोंबड्यांच्या जाळीचा कमरेएवढा गोल, काहीही चालेल. ड्रम असेल तर तळाला आणि बाजूंना भोकं पाडा, खाली विटा ठेवा. उंदीर असतील तर तळाशी बारीक जाळी घाला. मग काटक्यांचा एक थर द्या, म्हणजे खालून हवा खेळते. त्यावर वीतभर पाला, पायानं तुडवून चुरलेला. त्यावर ओला कचरा: भाजीचे देठ, फळांची सालं, चहाचा चोथा, दोरा आणि प्लॅस्टिक काढलेलं निर्माल्य. एक घमेलं ओला कचरा असेल तर दोन घमेली पाला, हे माप लक्षात ठेवा. वरून शेणकाला शिंपडा. शेण नसेल तर आंबट ताक पाण्यात घालून शिंपडा, किंवा जुन्या खताची दोन मुठी माती पसरा. दह्याला विरजण लागतं, तसंच हे. शेवटचा थर नेहमी पाल्याचा ठेवा, म्हणजे चिलटं होत नाहीत. तेलकट, मटण-मासळी, दुधाचे पदार्थ यात नकोत.

पाणी किती? आतला मूठभर माल घेऊन आवळा. लाडू वळला पाहिजे, पण बोटांतून पाणी टपकता कामा नये. चार दिवसांनी आत हात घालून बघा, गरम लागेल. घाबरू नका, काम सुरू झाल्याची ती खूण आहे. आठ-दहा दिवसांनी एकदा खालीवर करा.

वास आला तर ओल जास्त झाली, पाला वाढवा. मुंग्या झाल्या तर कोरडं पडलं, पाणी शिंपडा. पांढरट अळ्या दिसल्या तर त्या कचरा खायलाच आल्यात, राहू द्या. कडुनिंब, गुलमोहर यांची बारीक पानं लवकर कुजतात. आंबा, फणस, वड, बदाम यांची जाड पानं वेळ घेतात, ती आधी चुरा. गवत कापलं असेल तर पातळ थरानं घाला, नाहीतर त्याचा लगदा होतो. गाजरगवत फुलावर आल्यावर घालू नका, बी खतातून परत उगवतं. ते उपटताना हातमोजे घाला, अंगाला खाज सुटते.

फाल्गुनात ड्रम भरला की ज्येष्ठात, माउलींची पालखी विश्रांतवाडीवरून पुण्यात जाते त्या सुमाराला, खत तयार होतं. काळसर, भुसभुशीत, पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास. पान ओळखू येत नाही. ढीग खाली बसून पाव भागाएवढा, कधी त्याहूनही कमी होतो. आणि नेमकी तीच रोपं लावायची वेळ असते. वाट बघायची नसेल तर पाला थेट कुंडीत मातीवर दोन बोटं जाड पसरा. चैत्र-वैशाखाच्या उन्हात ओल टिकते. रोजच्याऐवजी एक दिवसाआड पाणी घातलं तरी भागतं. पाण्याच्या टंचाईत ही बचत लहान नाही.

आता ज्यांना अंगणच नाही, त्यांचं काय? पुण्यात अदिती देवधर यांनी 2016 मध्ये ‘ब्राऊन लीफ’ नावाचं काम सुरू केलं. त्यामागचा विचार अगदी सोपा आहे: ज्यांच्याकडे पाला जास्त आहे, त्यांनी तो ज्यांना हवा आहे त्यांना द्यायचा. गच्चीवर भाजी लावणारे लोक पाल्याची पोती आनंदानं घेऊन जातात. हे काम बचत गटांना तर सहज जमण्यासारखं आहे. कोणत्या बंगल्यात झाड आहे, कोणाच्या गच्चीत कुंड्या आहेत, हे आपल्याइतकं कुणाला माहीत असतं?

आमच्या गटातल्या एक ताई एका सोसायटीत झाडलोट करतात. पाला जाळायला सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, “धुरानं मला खोकला होतो. मला कंपाउंडचा एक कोपरा द्या, वास आला तर मी स्वतः उचलीन.” कोपरा मिळाला. वास आला नाही. पावसाळ्यात सोसायटीच्या झाडांना तेच खत पडलं, आणि रंगाच्या रिकाम्या डब्यांत ताईंच्या दारात कोथिंबीर आली. तुम्हीही असंच सांगा. सोसायटीवाल्यांना हेही सांगा की चालू स्थितीतला गांडूळखत प्रकल्प असेल तर पुणे महापालिकेच्या मिळकतकरात 5 टक्के सवलत मिळते. मात्र ढीग लावण्याचं, खालीवर करण्याचं काम वाढलं तर त्याचे पैसेही मागा. खत फुकटात होतं, आपले हात फुकट नाहीत.

झाड जमिनीतून जे घेतं, त्यातलं बरंचसं पानांतून खाली टाकतं. आपण ते पेटवतो आणि मग दुकानातून खताची पिशवी आणतो. महिन्याचे शंभर रुपये जपून ठेवणाऱ्या बायका आपण. हे नुकसान आपल्याला कसं चालतं?

तेव्हा या आठवड्यात एवढंच करा. उद्या झाडलेला पाला एका पोत्यात भरा आणि सावलीत ठेवा. काडीपेटी चुलीजवळच राहू द्या. पुढच्या बैठकीत किती जणींची पोती भरली, ते एकमेकींना विचारू.