शिडाची होडी आणि घरचे सामान

आमच्या मारुंजीत शिडाची होडी कुणाच्या दारात नाही. तरी तिची निगा राखायला लागणारे बरेचसे सामान शेतकऱ्याच्या घरी निघेल : दाभण, सुतळी, मेण, कापसाचे सूत, सायकलची जुनी ट्यूब. कोणती वस्तू कुठे लावायची आणि ती किती काळ टिकेल, एवढे मात्र कळले पाहिजे.

प्रथम फळ्यांमधल्या फटी पाहू. कारागीर त्यांत कापसाचे सूत बोथट पटाशीने ठोकून बसवतात आणि वरून तेलात उकळलेली राळ भरतात. पाणी लागले की लाकूड फुगते, सूतही फुगते आणि फट आवळली जाते. बैलगाडीचे खिळखिळे चाक ओढ्यात भिजत घालीत, ती युक्ती हीच. पण सूत वाजवीपेक्षा जास्त ठासले, तर फुगलेली फळी खिळेच उपसते. बेताने ठोकणे, हेच खरे कसब.

समुद्रात लाकूड पोखरणारा एक प्राणी असतो. त्याला किडा म्हणतात. खरे तर तो शिंपल्यांच्या जातीचा. त्याला अटकाव म्हणून तळाला चुना आणि चरबी फाशीत. वरच्या अंगाला मुशी माशाच्या काळजाचे तेल लावीत.

आता शिडाचे बघा. बोटभर चीर वाऱ्याने बघता बघता हातभर होते. म्हणून दोऱ्याला मेण चोळून ती लगेच शिवावी. जाड कापडात दाभण रेटताना तळहाताला जुन्या चपलेचे चामडे बांधावे. शिडाच्या काठीला तडा गेला, तर हाडाला बांधतो तशा बांबूच्या कांबी लावून ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळावी. मात्र रबर उन्हाने चिरते. किनाऱ्याला लागताच ती पट्टी सोडावी आणि नवी काठी घालावी. वेळ निभावली म्हणून तात्पुरती दुरुस्ती तशीच ठेवणे, यातच धोका आहे. पुढच्या खेपेला त्या काठीवर माणसांचे जीव असतात.

ही साधी साधने कमी दर्जाची समजू नका. अजिंठ्याच्या चित्रातले जहाज समोर ठेवून गोव्यात ‘कौंडिण्य’ हे जहाज बांधले गेले आणि मे 2025 मध्ये कारवारला ते नौदलात दाखल झाले. त्याच्या फळ्या काथ्याच्या दोराने शिवल्या आहेत. काथ्या खाऱ्या पाण्यात लवकर कुजत नाही. अंबाडीच्या दोराचे तसे नाही.

शिक्षकांनी एक प्रयोग करावा. जुन्या लाकडी खोक्याच्या तळाच्या फटीत सूत बसवावे, पाणी भरावे आणि दर दहा मिनिटांनी गळणारे थेंब मुलांकडून मोजून घ्यावेत. थेंब का कमी होत गेले, याचे उत्तर मुलांनाच शोधू द्यावे.