गळ आणि गांडूळ



आम्हां संग्रामपूरकडच्या मंडळींना गळाची विद्या सातपुड्यातून उतरणाऱ्या वाण नदीने शिकविली. ओल्या मातीतले गांडूळ गळाला ओवावे आणि वाट पाहावी, एवढीच ती विद्या. १९४९ साली अमेरिकेत अ‍ॅक्रनच्या निक क्रीम या गृहस्थाने मऊ प्लॅस्टिकचे गांडूळ घडविले आणि 'बास' माशाच्या शिकारीची रीतच पालटली. गळाचे टोक त्याच्या अंगात दडवितात, म्हणजे ते शेवाळात अडकत नाही. ते तळाशी बुडू द्यावे, किंचित उचलावे, पुन्हा सोडावे. मासा बहुधा ते खाली उतरतानाच धरतो. म्हणून दोरीवरची नजर ढळू देऊ नये.

आपला मरळही असाच दबा धरणारा शिकारी. त्यालाही हे गांडूळ भुलविते. परंतु पावसाळ्यात तो पिलांच्या थव्याची राखण करतो. तेव्हा तो आमिषावर धावतो तो पिलांच्या रक्षणासाठी. त्याला उचलले की पोरका थवा इतर माशांच्या तोंडी जातो. शिवाय मातीतले गांडूळ कुजते, प्लॅस्टिकचे कुजत नाही. तुटलेला तुकडा घरी आणावा. थवा दिसला की आम्ही गळ गुंडाळतो. आपणही गुंडाळावा, एवढीच विनंती.