नकाशावरची ७८ अंशांची रेषा

समुद्री चाच्यांवर बोलायचं म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला: "सोमालिया कुठे, आपण कुठे? आपलं काय जातं?" तर आज त्या 'काय जातं' बद्दलच बोलतो.

फोनवर नकाशा उघडा आणि ७८ अंश पूर्व रेखांश शोधा. आग्र्याजवळून जातो, खाली उतरतो आणि कन्याकुमारीच्या थोडा पूर्वेला समुद्रात शिरतो. २०१० मध्ये जहाज उद्योगातल्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी ठरवलं, की सोमाली चाच्यांचा 'हाय रिस्क एरिया' इथपर्यंत धरायचा. म्हणजे मुंबई, न्हावा शेवा, गोवा, कोची, सगळ्यांसमोरचा अरबी समुद्र धोक्याचा! सोमालियाचा किनारा मुंबईपासून दोन हजार किलोमीटरहून लांब आहे, तरीही.

आता खरं सांगायचं तर रेषा अगदीच हवेत काढलेली नव्हती. चाचे पळवलेले मासेमारी ट्रॉलर वापरत पार लक्षद्वीपच्या बाजूपर्यंत यायचे. २०११ च्या सुरुवातीला आपल्या नौदलाने आणि तटरक्षक दलाने शंभरहून जास्त चाचे पकडले. पण धोका कमी झाला, तरी रेषा काही हलली नाही. आणि माझ्या मते खरा खर्च तिथेच होता.

कारण जहाज या पट्ट्यात आलं की मीटर सुरू होतो. विम्याचा जादा हप्ता. बंदूकधारी पहारेकरी. कठड्याला काटेरी तारा. चाच्यांना वेगाने जाणाऱ्या जहाजावर चढणं अवघड, म्हणून जास्त वेगाने जायचं, म्हणजे जास्त इंधन. हे सगळं शेवटी मालाच्या भाड्यात येतं. आणि आपलं कच्चं तेल बहुतेक समुद्रातूनच येतं.

वर्ल्ड बँकेने २०१३ मध्ये एक हिशोब मांडला होता. २००५ ते २०१२ या काळात सोमाली चाच्यांना मिळालेली खंडणी: साधारण ३४ ते ४१ कोटी डॉलर. आणि जगाच्या व्यापाराला बसणारा फटका: वर्षाला सुमारे १८ अब्ज डॉलर. बघा ना, चोराच्या हाती चिल्लर आणि बिल सगळ्यांच्या नावावर.

पैशांचं एकवेळ जाऊ दे, माणसांचं सांगतो. 'अॅस्फाल्ट व्हेंचर' नावाचा टँकर सप्टेंबर २०१० मध्ये पळवला गेला. १५ जण होते, सगळे भारतीय. एप्रिल २०११ मध्ये खंडणी दिली गेली, जहाज सुटलं, आठ जण सुटले. सात जणांना चाच्यांनी ठेवून घेतलं. का? तर भारताने आमची माणसं पकडलीत, म्हणून. ते सात जण घरी आले ऑक्टोबर २०१४ नंतर. चार वर्षं! रायगड-रत्नागिरीत घरोघरी कुणी ना कुणी 'जहाजावर' असतं. त्या घरांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

दुसरी गोष्ट फेब्रुवारी २०१२ ची. 'एन्रिका लेक्सी' या इटालियन टँकरवर पहाऱ्याला नौसैनिक होते. केरळजवळ एक मासेमारी बोट दिसली, त्यांना वाटलं चाचे आले, आणि गोळ्या झाडल्या. दोन मच्छीमार गेले. आपल्याच किनाऱ्यासमोर, रोजच्या कामावर असताना. खटला कोर्टाकोर्टांत फिरला आणि २०२१ मध्ये १० कोटी रुपये भरपाईवर मिटला.

भारत रेषा मागे घ्या म्हणून वर्षानुवर्षं मागे लागला होता. अखेर डिसेंबर २०१५ पासून ती ६५ अंशांवर नेली, आणि १ जानेवारी २०२३ ला हा पट्टाच रद्द झाला.

आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये 'रुएन' हे मालवाहू जहाज चाच्यांनी पळवलं. मार्च २०२४ मध्ये आयएनएस कोलकाताने ते अडवलं, हवाई दलाच्या विमानातून मार्कोस कमांडो समुद्रात उतरले, आणि सुमारे ४० तासांनी ३५ चाचे शरण आले. १७ खलाशी सुखरूप.

यावेळी एक फरक होता. आधी पकडलेल्या चाच्यांवर खटला चालवायला आपल्याकडे स्वतंत्र कायदाच नव्हता. तो २०२२ मध्ये झाला. त्यामुळे ते ३५ जण थेट मुंबईत आणले आणि पोलिसांच्या ताब्यात दिले.

हुथींचं आणि लाल समुद्राचं काय, हे तुम्ही विचारणारच. ते चाचे नाहीत, तो हिशोब वेगळा. त्यावर पुढच्या भागात बोलू. हा भाग जहाजावर असलेल्या तुमच्या मित्राला नक्की पाठवा.