अठ्ठावन्नाव्या वर्षी मिळालेली भूमिका
(मंडळाच्या मासिक सभेतील भाषणाचा संक्षेप)



'ती आता मालिकांत काम करते' असे एखाद्या अभिनेत्रीबद्दल सांगताना आपला आवाज जरा खाली येतो. म्हणून आज ब्रिटनच्या जून ब्राऊन यांच्याविषयी बोलतो.

जन्म १९२७चा, इंग्लंडमधील सफोकचा. महायुद्धाच्या काळात त्या नौदलाच्या महिला दलात होत्या. नंतर लंडनच्या ओल्ड विक नाट्यशाळेत शिकल्या. रंगमंचावर त्यांनी लेडी मॅकबेथ केली, इब्सेनची हेडा गाब्लरही केली. पहिले पती अकाली गेले. पुढे दुसरे लग्न, मुलांचा मोठा संसार. पण अभिनय सुटला नाही.

१९८५ साली बीबीसीने 'ईस्टएंडर्स' ही पूर्व लंडनमधील कष्टकरी वस्तीची मालिका सुरू केली. त्यात जूनबाईंना तीन महिन्यांचे काम मिळाले. वय ५८. भूमिका डॉट कॉटनची: लाँड्रीत राबणारी, सतत सिगारेट ओढणारी, बायबलची वचने ऐकवणारी आणि वाया गेलेल्या मुलावर तरीही जीव टाकणारी बाई. मधले खंड सोडले, तर ही डॉट २०२० पर्यंत लोकांच्या घरात वावरली.

३१ जानेवारी २००८ चा भाग मात्र वेगळाच. जवळजवळ अर्धा तास पडद्यावर एकटी डॉट. पक्षाघाताने इस्पितळात असलेल्या नवऱ्यासाठी ती टेपरेकॉर्डरवर मनातले बोलते. नवऱ्याचे काम करणारे जॉन बार्डन यांनाही खरोखरच पक्षाघात झाला होता. त्या वेळी बाई ८० वर्षांच्या! या कामासाठी त्यांना बाफ्टाचे नामांकन मिळाले.

लक्ष्मण देशपांड्यांचे 'वऱ्हाड' पाहिलेल्या आपल्याला एकपात्रीचे कष्ट सांगायला नकोत. जूनबाईंची ती ताकद रंगभूमीच्या तालमीतून आली होती. मालिकेने ती घरोघरी पोचवली. मग यात कमीपणा कुठला?

२०२२ मध्ये, ९५व्या वर्षी त्या गेल्या. उतारवयात दृष्टी अधू झाली, तरी त्या काम करत राहिल्या.

आता एक कबुली. गेल्या गणेशोत्सवातल्या नाटकात 'आता पाठांतर झेपेल का?' असे म्हणून मी एका ज्येष्ठ ताईंना प्रॉम्प्टिंगला बसवले. तिसऱ्या तालमीपासून त्यांनी वही उघडलीच नाही. सगळे नाटक त्यांना पाठ होते. मी मात्र त्यांना भूमिका विचारली नाही. यंदा त्यांच्या घरी जाऊन विचारणार आहे. नाट्यविभागाने माझ्याबरोबर यावे, एवढीच विनंती.