नामिबियाच्या खडीच्या वाटांवर

कुनोच्या जंगलात 2022 साली आलेले पहिले आठ चित्ते ज्या देशातले, तो नामिबिया स्वतः गाडी चालवतच पाहावा. तिथेही वाहनं रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात, त्यामुळे आपला हात लवकर बसतो. कस लागतो तो खडीच्या रस्त्यांवर. टायरमधली हवा थोडी कमी करायची, वेग ताशी 80 किलोमीटरच्या आत ठेवायचा आणि अचानक ब्रेक दाबायचा नाही. गाड्या उलटतात त्या अशाच. पंप दिसला की टाकी भरून घ्यावी.

सोसुसव्लेईचे वाळूचे डोंगर भल्या पहाटे गाठावेत. वाळूच्या कणांवर लोहाच्या ऑक्साइडचा थर असतो, म्हणून कोवळ्या उन्हात ती शेंदरी दिसते. शेजारच्या डेडव्लेईत पांढऱ्या, भेगाळलेल्या मातीत काळी पडलेली झाडं उभी आहेत. ती मरून कित्येक शतकं लोटली, पण हवा इतकी कोरडी की लाकूड कुजलंच नाही.

उत्तरेकडच्या एतोशा अभयारण्यात मुक्काम ओकाउकुएजोला करा. तिथल्या पाणवठ्यावर रात्रभर दिवे असतात. कुंपणाअलीकडच्या बाकावर गप्प बसायचं. हत्ती आणि दुर्मीळ काळे गेंडे आपणहून पाण्यावर येतात. माझ्या मते दिवसभराच्या भटकंतीपेक्षा हे बसणं मोलाचं. जून ते ऑक्टोबर हा कोरडा काळ त्यासाठी उत्तम. मात्र सूर्यास्ताला अभयारण्याची दारं बंद होतात, तेव्हा उजेडातच मुक्कामी पोहोचा.